विरल

मकरपुऱ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी थेंब मोजले.
ब्युरेटची तोटी अंगठा आणि तर्जनीत धरून,
श्वास रोखून,
फ्लास्कात गुलाबी झाक येईपर्यंत.
आली की थांबायचं. एक थेंब पुढे गेला
तर सगळं पहिल्यापासून.

श्वास रोखायला तिथे शिकले.
सोडायला बॉयलरमागे,
गुलामनबीच्या बिडीवर माझी सिगारेट पेटवून.
रात्रपाळीत बाईमाणसाने ओढलेली सिगारेट
कुठल्याच रजिस्टरात नसते.

रिटायर झाल्यावर छातीचा फोटो काढला.
डॉक्टर पारेखांना काही दिसलं नाही,
पण ते जरा जास्त वेळ बघत राहिले.
तेवढं पुरलं.

भाचा आदिश लेस्टरहून आला तेव्हा
पेनासारखं एक यंत्र घेऊन आला
आणि आंब्याच्या वासाच्या बाटल्या, अठराच्या.
इकडे बंदी आहे मावशी, म्हणाला, दाखवू नकोस कुणाला.
मग ते हिंगाच्या डब्यात गेलं.

माघातली दुपार. दांडिया बाजारच्या आमच्या जिन्यात
खालच्या जशुबेनचं नाक आधी आलं, मग जशुबेन.
केरी आवी गई, बेन?
माघात!
हो म्हटलं. भाच्याने आणली.

अठराच्या दहा मिलीत पाच मिली कोरं ग्लिसरीन: बारा.
हात अजून कापत नाही.
जुन्या डायरीत रकाने आखले,
तारीख, तीव्रता, करणाराची सही, तपासणाराची सही.
आमच्याकडे एकट्याच्या सहीला किंमत नव्हती.
चौथा रकाना कोराच राहिला.

बाराला डोकं दुखलं. नवाला
मी भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी भांडले
आणि घरी येऊन पाच रुपयांसाठी रडले.
सहाला झोप लागली, स्वप्नात बॉयलर.
तलफ तशी दिसत नाही. विश्वामित्रीच्या काठाला
मगर पडून असते, चिखलच वाटते,
पुलावरची माणसं बोट दाखवतात तेव्हा कळतं.

श्रावणात नदीच घरात आली.
तळमजला बुडाला, जशुबेन तीन दिवस माझ्याकडे,
तिचे देव माझ्या फ्रिजवर.
तिसऱ्या रात्री गच्चीवर, अंधारात,
मी जपून ठेवलेली अठरा उघडली.
पाणी खाली सरकत होतं आणि मी ओढत होते,
अधाशासारखी, आंबाच आंबा.

सकाळी डायरी काढली.
लॅबचा नियम: खोडायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही.
चुकीवर एकच रेघ, आडवी,
खालचं वाचता आलं पाहिजे.
बाजूला तारीख, सही.
~सहा~ अठरा.
चूक मी खूप वेळा बघितली होती,
इतकी सरळ कधीच नाही.

पुन्हा बारा. पुन्हा नऊ. दिवाळीला तीन.
मग दीड. पाऊण.
इथे मला हसू आलं, कारण
हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात:
निम्मं निम्मं करत शून्य येत नाही.
विरल करत करत माणूस
जन्मभर विरल करत राहू शकतो.
आणि इथे गुलाबी होणारं काही नाही.
कुठे थांबायचं ते द्रावण सांगणार नाही.

एका सकाळी नुसतं ग्लिसरीन भरलं.
ओढलं. वाफ आली,
वासही नव्हता, चवही नव्हती,
थंडीत तोंडातून येते तशी.
तीव्रतेच्या रकान्यात शून्य लिहिणार होते.
पण शून्य आम्ही कधी लिहीत नसू.
आमचं यंत्र तेवढं बारीक बघत नाही, एवढंच खरं असायचं.
लिहिलं: आढळले नाही.

माघ आला. जशुबेन नव्या रंगाच्या भिंतीला
पाठ न टेकता जिन्यात बसली होती, वाल सोलत.
मी शेजारी बसले.
बराच वेळ.
मग नाक वर करून म्हणाली,
आ वर्षे केरी ना आवी?

ना, जशुबेन.

वर जाऊन चौथ्या रकान्यात तिचं नाव लिहिलं.
संध्याकाळी फोडणीला हिंग हवा होता.
डबा उघडताना
हात जरा जास्तच घाईत होता.